फाटकबाबाला मुलगी नव्हती

सोमवार, ४ मार्च

आज नोकरीचा पहिला दिवस. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पहिला दिवस म्हटलं तर लोक हसतील, पण मला सकाळपासून शाळेत नाव घातल्यासारखं वाटत होतं. पाचलाच उठून बसलो. गॅसचा खटका दोनदा पाहिला, खिशातला चष्मा तीनदा चाचपला. लेक म्हणाली, बाबा, चष्मा तुमच्या नाकावर आहे. डबा तिनेच भरून दिला. नात जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, आजोबा, तिथलं सगळं गुपित मला येऊन सांगायचं. मी म्हटलं, गुपित फोडलं तर आजोबांना काढून टाकतील. मग अर्धंच सांगा, म्हणाली.

कंपनी व्हिडिओ गेम बनवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझं शिक्षण सातवी, आणि त्यानंतर चौतीस वर्षं टपालाच्या छाननीत उभा होतो. पत्र हातात आलं की ते कुठल्या खणात जायचं हे बोटांना कळतं, एवढीच माझी विद्या. इथे नेमकं तेच काम निघालं. खबर जावयाने आणली. आधीचा माणूस दोन महिन्यांत पळाला म्हणे, शिव्या वाचून वाचून.

तळमजल्यावर मागच्या बाजूला लांबट खोली आहे. एक खिडकी, एक टेबल, आणि भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले. कंपनीने नऊ वर्षांपूर्वी एक गेम काढला होता, त्याने लोकांना अक्षरशः वेड लावलं. दुसरा भाग येणार म्हणून जाहीर झालं आणि तिथून नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दोनदा काम निम्म्यावर आलं आणि दोनदा मालकांनी ते मोडून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. लोक वाट बघून बघून पत्रं लिहितात. बरीचशी संगणकावर येतात, पण मालकांचं म्हणणं असं, की काचेवर वाचलेलं डोक्यात राहत नाही. म्हणून प्रत्येक पत्र कागदावर छापून, वर नंबर घालून, माझ्या टेबलावर येतं. मी ते वाचायचं आणि ज्या तक्रारीचं असेल त्या तक्रारीच्या खिळ्याला लावायचं. एका खिळ्यावर शंभर पत्रं झाली, की सुतळीने बांधून गठ्ठा वर मालकांच्या टेबलावर. मग ती गोष्ट बदलायचीच. दोन वेळा तोंडघशी पडल्यावर त्यांनी हा नियम घातलाय.

काम सोपं आहे. डब्यातलं सगळं संपवलं.

गुरुवार, ७ मार्च

माणसं काय काय लिहितात. एक जण लिहितो, पहिला भाग खेळलो तेव्हा मी शाळेत होतो, आता डोक्यावर केस राहिले नाहीत, तुमचा दुसरा भाग मात्र अजून पाळण्यातच. एक बाई लिहिते, तुम्ही घर पाडून पुन्हा बांधताय आणि आम्ही सामान घेऊन रस्त्यावर उभे आहोत, निदान एखादी खोली तरी दाखवा. एका नर्सबाईने हाताने फक्त एवढंच लिहिलंय, की माझा भाऊ वाट बघता बघता गेला, आता घाई करू नका. हे पत्र कुठल्या खिळ्याला लावायचं ते मला कळेना. शेवटी खिशात ठेवलं. मग भीती वाटली, नंबर घातलेलं पत्र आहे, कुणी विचारलं तर. परत काढून ‘इतर’ला लावलं.

शिव्यांचं मला काही वाटत नाही. छाननीत आमचे साहेब याहून चांगल्या द्यायचे.

मंगळवार, १२ मार्च

आज गंमत झाली. वर एक बाई गेममधले चेहरे करतात. डोळ्यांत भरपूर काजळ घालतात म्हणून सगळे त्यांना काजळबाई म्हणतात, त्याही ओ देतात. मी चहा पीत होतो, तर समोर येऊन माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मला वाटलं, शर्टाचं बटण चुकलं.

पहिल्या भागात डोंगरातल्या एका फाटकाशी एक म्हातारा बसलेला असतो. लोकांचा भारी जीव त्याच्यावर. फाटकबाबा म्हणतात त्याला. दुसऱ्या भागात तो हवाच, पण जुनं चित्र नव्या यंत्रात बसत नाही. म्हणून नवा म्हातारा हवा होता. काजळबाई म्हणाल्या, अख्खं गाव शोधलं आणि फाटकबाबा आमच्याच खोलीत चहा पितोय.

मला एका गोल खोलीत उभं केलं. चहूबाजूंनी कॅमेरे. हसा म्हणाले, हसलो. बसा, उठा, चाला म्हणाले. खोकायला सांगावं लागलं नाही, बारा वर्षांचा खोकला आहे. मग गोष्ट लिहिणारा एक मोठ्या दाढीचा माणूस समोर बसला आणि माझ्या आयुष्याबद्दल विचारू लागला. ही गेल्यापासून मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. मी दोन तास लेकीबद्दलच बोललो. एकुलती एक, आई गेल्यावर बापाला कशी सांभाळते, रोज डबा कशी भरून देते. दाढीवाला लिहून घेत होता. म्हणाला, या वेळी फाटकबाबालाही एक मुलगी देऊ या.

घरी सांगितलं तर लेक पदर... नाही, ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. जावई म्हणाला, सासरे हिरो झाले, आता आमचं ऐकतील कशाला.

शनिवार, २३ मार्च

काल दोन मिनिटांचा तुकडा जगाला दाखवला. त्यात मी फाटकाशी बसलोय, उठतो, लंगडतो, खोकतो. नातीने तो चाळीस वेळा पाहिला. मला मात्र पाहवेना. आपण मेल्यावर कुणी आपल्याला चालवतंय असं वाटलं. तसं बोललो तर लेक रागावली.

आज पत्रांची पोती आली. फाटकबाबा खोकत नव्हता. खोकला काढा. आजारी माणूस फाटक काय सांभाळणार. संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाली. गठ्ठा बांधून वर दिला.

गुरुवार, २८ मार्च

खोकला गेला.

गेममधला तर गेलाच, काल काजळबाईंनी काढला. पण माझाही गेला. सकाळी उठलो तर छाती मोकळी. सवयीने खोकून बघितलं, खोकताच येईना. लेकीने देवापुढे हात जोडावेत तसे माझ्यापुढेच जोडले आणि म्हणाली, आता रात्री झोपाल तरी. जावई म्हणतो, त्याने आणलेल्या औषधाचा गुण. असेल. मनात पाल मात्र चुकचुकली.

मंगळवार, २ एप्रिल

दुसरा खिळा गुडघ्याचा आहे. फाटकबाबा लंगडत नव्हता, अशी एकोणनव्वद पत्रं झाली आणि मग थांबली. दोन दिवस एकही नाही.

माझा डावा गुडघा नऊ वर्षं दुखतोय. लेकीच्या घराला तीन जिने आहेत. मी भाजी आणायला उतरलो, की वर चढेपर्यंत ती दारात उभी राहते, घाबऱ्या तोंडाने. म्हाताऱ्याचं हसू होईल, पण मी आज एक काम केलं. टेबलाशी बसून अकरा पत्रं स्वतः लिहिली. कधी डाव्या हाताने, कधी मोठ्या अक्षरात, एक तर बायकी वळणाने. पुढच्या दारात चाहत्यांसाठी टपालपेटी आहे, तीत जेवणाच्या सुट्टीत टाकून आलो. चौतीस वर्षांत एका पत्राला कधी खोटा हात लावला नव्हता. पण कुणाचं काय जातंय त्यात.

सोमवार, ८ एप्रिल

तिन्ही जिने न थांबता चढलो. लेकीला दारात उभं राहायला वेळच मिळाला नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नेमकं खाता तरी काय. मी तिला सगळं सांगितलं, खोकला, गुडघा, खिळे, पत्रं. अकरा पत्रांचं तेवढं गाळलं. ती आणि जावई दोघंही हसले. जावई म्हणाला, मग पुढच्या गठ्ठ्यात माझं टक्कल घालून बघा.

लेक हसता हसता माझ्या गुडघ्यावर हात फिरवत होती. त्या वेळी मला फार बरं वाटलं. ते इथे लिहून ठेवतो.

बुधवार, १० एप्रिल

पत्रं तिप्पट झाली. लंगडणं काढलं म्हणून लोक नाचताहेत. ते आपलं ऐकतात, असं एकाने लिहिलंय, आणि मग सगळ्यांनीच. नऊ वर्षं भिंतीशी बोलत होतो, आज भिंतीला कान फुटले. लिहा, शंभर झाली की बदलतात. नियम बाहेर फुटलाय.

एकोणनव्वदवर पत्रं थांबली होती. लोक कंटाळून गप्प बसले असते. मी अकरा टाकली.

शुक्रवार, १२ एप्रिल

काल दुसरा तुकडा दाखवला. फाटकबाबा संध्याकाळी बसलाय आणि त्याची मुलगी डबा घेऊन डोंगर चढून येते. तो झाकण उघडून वास घेतो. ती हसते. दाढीवाल्याने सगळं जसंच्या तसं घेतलंय, मी सांगितलं होतं तसं. मुलीचा चेहरा वेगळा आहे, पण डबा पुढे करायची पद्धत माझ्या लेकीची.

आज टेबलावर पहिलं पत्र हेच होतं. फाटकबाबाला मुलगी नव्हती.

दुपारपर्यंत सव्वीस. एकाने चांगलं चार पानी लिहिलंय. म्हणतो, तो एकटा होता म्हणून आम्ही त्याच्यापाशी थांबायचो. त्याचं कुणीच नव्हतं म्हणून तो आमचा होता. त्याला घरचा डबा देऊन तुम्ही आमच्याकडून काढून घेतला. कुणा वाईट माणसाने लिहिलेलं नाही हे. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि मग लेक आठवली.

नवा खिळा ठोकावा लागला.

मंगळवार, १६ एप्रिल

त्या खिळ्यावर सत्तर. चौदा पत्रं मी शर्टाच्या आत घालून घरी नेली आणि गादीखाली ठेवली. दिवसभर छातीशी कागद वाजत होते. कुणी हाक मारली, की मी दचकायचो.

काजळबाईंना जाऊन भेटलो. म्हटलं, मुलगी राहू द्या. म्हटलं, नाहीतर मला त्यातून काढूनच टाका. त्या म्हणाल्या, काका, अहो तुम्हाला काढायचं म्हणजे तुमचं सगळंच पुसावं लागेल, हात, पाय, आवाज, सगळं. चालेल का तुम्हाला. त्या आपल्या कामाचंच बोलत होत्या. पण मला माझा खोकला आणि गुडघा आठवला. नको म्हणालो आणि खाली आलो.

गुरुवार, १८ एप्रिल

नंबर जुळले नाहीत. वरून माणूस आला. चौदा पत्रं गहाळ. मी गादीखालून आणून दिली. वाटलं, आता हाकलतील. मालकांनी वर बोलावलं. माणूस शांत आहे, डोळ्यांखाली काळं. म्हणाले, आजोबा, दोनदा मी माझ्या मनाचं केलं आणि दोनदा सगळं मातीत गेलं. आता फक्त हे गठ्ठे खरे. एकाही माणसाचं पत्र दाबायचं नाही. मग हसले आणि म्हणाले, तुमची ती अकरा पत्रंही आम्हाला माहीत आहेत, अक्षर लपत नाही. पण ती मोजली. त्यांच्यामुळेच तर लोकांचा विश्वास बसला.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. गुडघा दुखला नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

एकशे एकेचाळीस. गठ्ठा मी बांधला. गाठ बसेना, तीनदा बांधावी लागली.

काजळबाई म्हणाल्या, एकदम नाही काढणार, थोडं थोडं काढून बघू. आधी डब्याचा प्रसंग.

मंगळवार, २३ एप्रिल

लेकीने आज डबा दिला नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा. विसरली असेल म्हणून मी दारात जरा रेंगाळलो. ती म्हणाली, बाबा, काही हवंय का. मी म्हटलं, डबा. ती म्हणाली, कुठला डबा.

ओट्यावर तीन डबे असायचे. आज दोन होते. जावयाचा आणि नातीचा.

शुक्रवार, २६ एप्रिल

फाटकबाबाच्या झोपडीत मुलीचा फोटो टांगला होता. काल तो काढला.

लेकीच्या लग्नाचा फोटो बैठकीत आहे. त्यात मी तिच्या डाव्या हाताला उभा होतो. आता तिथे पडदा दिसतो. काच पुसून बघितली. जावई म्हणाला, काय शोधताय. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, छान आहे ना फोटो, सगळे आलेत.

लेक मला आज ‘अहो’ म्हणाली. बाबा म्हणता म्हणता थांबली, आणि अहो म्हणाली.

सोमवार, २९ एप्रिल

मी पुन्हा पत्रं लिहिली. मुलगी राहू द्या, अशी साठ. बोटं सुजली. पेटीत टाकली. मालकांच्या माणसाने ती बाजूला काढली. आता पेटीवर कॅमेरा लावलाय. मला म्हणाला, आजोबा, एकदा चाललं, दरवेळी चालेल का.

तरीही खऱ्या लोकांपैकी नऊ जणांनी लिहिलंय, मुलगी छान आहे, ठेवा. फक्त नऊ. त्यातली एक ती भाऊ गेलेली नर्सबाई. मी तिचं अक्षर ओळखलं. नऊच्या खिळ्याखाली दिवसभर बसून राहिलो.

गुरुवार, २ मे

जाहीर झालं. तिसऱ्यांदा पहिल्यापासून. मालकांनी सगळं मोडलं. फाटकबाबाचा चेहरा तेवढा ठेवायचा, बाकी त्याचं घर, गोष्ट, मुलगी, सगळं पुसायचं. पहिल्या भागात होता तसाच.

बाहेर लोक जमलेत, टाळ्या वाजवताहेत. एरवी काम मोडलं, की शिव्या यायच्या. या वेळी धन्यवाद येताहेत. अखेर त्यांना समजलं. अखेर आमचा फाटकबाबा.

मी अर्ध्या दिवसातून निघालो. लेकीला नुसतं बघून यावं म्हणून.

शुक्रवार, ३ मे

काल लिहिता आलं नाही.

तिन्ही जिने चढलो. घंटी वाजवली. लेकीनेच दार उघडलं. हात ओले होते, पिठाचे. म्हणाली, काका, कोण हवंय.

मी नाव घेतलं. तिचं. ती म्हणाली, मीच, बोला ना. चेहऱ्यावर काही नाही. अनोळखी म्हाताऱ्याशी बोलावं तसं, चांगलं बोलत होती. ऊन फार आहे, पाणी देऊ का म्हणाली. पाणी दिलं. मी पायरीवर बसून प्यायलो. माझ्या खोलीचं दार उघडं दिसत होतं. आत शिवणयंत्र. माझी खाट नाही.

मी म्हटलं, मी तुझा बाबा. ती घाबरली. आत बघून जावयाला हाक मारली. त्याने माझा दंड धरून मला हळू खाली आणून सोडलं. म्हणाला, आजोबा, घर कुठे तुमचं, रिक्षा करून देऊ का.

रात्र कंपनीच्या मागच्या खोलीत काढली. कुणी विचारलं नाही. मी तिथलाच असल्यासारखं.

मंगळवार, ७ मे

लेकीला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं, तीन ओळी. माझे वडील मी आठ महिन्यांची असताना वारले. तुम्हाला कुणी आपलं माणूस नसेल याचं वाईट वाटतं. कृपा करून पुन्हा लिहू नका, घरात लहान मुलगी आहे, ती रडत बसते.

अक्षर तिचंच. लहानपणी पाटीवर हात धरून गिरवून घेतलं ते मीच.

‘इतर’चा खिळा.

शुक्रवार, १० मे

मागच्या खोलीत नवा माणूस आलाय. टेबल त्याचं. मला स्टूल दिलंय, पुढच्या दाराशी. कुणी दिलं ते आठवत नाही. सकाळी पाय आपोआप तिकडे गेले. उठून निघतो, पण दहा पावलांवर पाय परत वळतात.

नव्या तक्रारी मला तो नवा माणूस येता-जाता सांगतो. फाटकबाबा फार बोलतो. पहिल्या भागात तो एकच वाक्य बोलायचा, तेवढंच ठेवा. आत कोणी नाही, परत जा. एवढंच.

दोनशेच्या वर गेलीत म्हणे.

मंगळवार, १४ मे

बोलायला गेलो—

काजळबाई समोरून आल्या. त्यांना म्हणायचं होतं, बाई, माझ्या लेकीला—

तोंडातून निघालं, आत कोणी नाही, परत जा.

त्या खूश झाल्या. म्हणाल्या, अगदी तसंच, पहिल्यासारखं.

गुरुवार, १६ मे

तहान लागली तरी तेच. पाणी मागायला गेलो तरी तेच. लोक माझ्याबरोबर फोटो काढून जातात. एक मोठा माणूस माझ्या पायाशी बसून रडला. म्हणाला, नऊ वर्षं तुझी वाट बघितली. मला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात उचलला नाही.

लिहिता मात्र येतं. अजून.

सोमवार, २० मे

नवा माणूस म्हणाला, लोक विचारताहेत, फाटकबाबा वहीत लिहितोय, हे कशाला दाखवलं. मागच्या तुकड्यात होतं म्हणे. दाढीवाल्याने मला लिहिताना पाहिलं असणार. पहिल्या भागात कुठे लिहायचा तो. पत्रं यायला लागलीत.

किती, ते मी विचारू शकत नाही. बोटं दाखवली. त्याला कळलं नाही. आत कोणी नाही, परत जा, असं मी म्हणालो. तो हसला.

बुधवार, २२ मे

लेक आली.

नातीला घेऊन. नातीबद्दल कुणीच पत्र लिहिलं नव्हतं, ती गेममध्ये कधी नव्हतीच. म्हणून तिला आठवतंय; जावयाची ओळख लेकीमुळेच होती, ती तिच्याबरोबर गेली. तिने आईला तो तुकडा दाखवला म्हणे, हे आजोबा आहेत, चल. लेक समोर उभी होती. मघाशीच. काका, ही सारखी रडते, तुम्ही हिला कसे ओळखता, असं विचारत होती. आणि माझ्याकडे बघता बघता तिचं बोलणं अडलं. कपाळावर आठी पडली. आठवणीतून काही ओढून काढावं तशी.

मी सगळा जीव एकवटला. बाळ म्हणायचं होतं.

आत कोणी नाही. परत जा.

नात किंचाळली नाही, काही नाही. नुसती बघत राहिली. लेकीने तिचा हात धरला. पण गेल्या नाहीत. समोरच्या बाकावर बसल्यात दोघी. लेक माझ्याकडे बघतेय. अजून बघतेय. मी खूण केली, थांब, लिहून देतो. तिला कळलं. मान हलवली.

नवा माणूस आत्ताच जिना चढून वर गेला. काखेत गठ्ठा. सुतळी बांधलेली.

लवकर. बाळ, मी तुझा बाप आहे. तुझा बाप तू आठ महिन्यांची असताना मेला नाही. खरं वाटावं म्हणून एकच गोष्ट लिहितो, ती तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, तुझ्या आईलाही आपण सांगितली नव्हती. तू सहा वर्षांची होतीस. मी कामावरून आलो तेव्हा तू दाराच्या मागे बसून होतीस, आणि तुझ्या मुठीत—